हुसेनसागरावरची मैत्रीपूर्ण शर्यत, पडलेला वारा आणि निकालावरून झालेला वाद

पाणकावळा — रविवार, रात्री ९.४०

मी गेली काही वर्षे हैदराबादेत राहतो आणि रविवारी सकाळी हुसेनसागरावर शिडाच्या होड्या हाकणाऱ्या एका लहानशा हौशी गटात असतो. आज आमची ऑक्टोबरची मैत्रीपूर्ण शर्यत झाली. बक्षीस म्हणून एक स्टीलचा डबा आणि त्यात कराची बेकरीची फळांची बिस्किटे, एवढेच होते, तरीही निकाल लागल्यावर किनाऱ्यावर तासभर वाद चालला. तो वाद अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून इथे मांडतो. या विषयातील जाणकार इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून मला ठाऊक आहे.

एकूण अकरा होड्या होत्या. त्यांत एकट्याने हाकायच्या चार लेझर, दोघांनी हाकायच्या चार एंटरप्राइज आणि मुलांसाठीच्या लहान तीन ऑप्टिमिस्ट होत्या. सुरुवात सगळ्यांची एकत्र होती आणि निकाल पोर्ट्समथ यार्डस्टिकच्या, म्हणजे निरनिराळ्या जातींच्या होड्यांची वेळ त्यांच्या वेगानुसार जुळवून घेणाऱ्या, अंकांनी काढायचा होता. सुरुवातीची रेषा टँक बंडाच्या बाजूला होती, वाऱ्याकडचा बोया (वारा येतो त्या बाजूची तरंगती खूण) पश्चिमेला नेकलेस रोडच्या अंगाला होता आणि त्याला वळसा घालून परत येण्याच्या दोन फेऱ्या होत्या. पहिली होडी नव्वद मिनिटांत पोचली नाही तर शर्यत बाद, असे सूचनापत्रकात लिहिलेले होते. नऊ वाजता वाराच नव्हता, त्यामुळे पंचांनी लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा तहकुबीचा ध्वज चढवला आणि आम्ही चाळीस मिनिटे होड्यांत बसून एकमेकांच्या डब्यांतील इडल्या खाल्ल्या. मग पश्चिमेकडून चार-पाच नॉटचा वारा आला आणि ९.४० ला सुरुवात झाली.

माझ्या एंटरप्राइजवर पुढचे शीड सांभाळायला माझी भाची होती. पहिल्या बोयाला आम्ही सर्वांत पुढे होतो, परतीच्या पल्ल्यात एक लेझर आमच्या पुढे गेली आणि दुसऱ्या फेरीत वर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने, चढायला लागून पाच मिनिटे झाली नाहीत तोच वारा गेला. गेला म्हणजे पूर्ण गेला. तलावातल्या बुद्धमूर्तीच्या पश्चिमेला आम्ही जवळजवळ पंचवीस मिनिटे एकाच जागी होतो आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, आपल्या वजनाने इकडून तिकडे पडत होती. नंतर वारा आला तो पाठीमागून, ईशान्येकडून, आणि अर्थातच आधी मागच्यांना मिळाला. ज्यांना आम्ही तोपर्यंत नुसतेच लांबचे ठिपके म्हणून पाहिले होते, ते शिडे फुगवून आमच्यापर्यंत आले तेव्हा आमची शिडे अजून लोंबतच होती.

पाण्यावर पहिली आली ती तीच लेझर, ७८ मिनिटांत. आम्ही दुसरे, ८१ मिनिटांत. एक बारा वर्षांची मुलगी ऑप्टिमिस्टमध्ये ९६ मिनिटांनी, पाण्यावर सहावी आली, आणि अंकांचा हिशेब केल्यावर तीच पहिली ठरली, तीही बऱ्याच फरकाने. लेझरवाल्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, ही शर्यत नव्हतीच, ही लॉटरी होती, आणि पंचांनी ती पहिल्या फेरीलाच आखडती घ्यायला हवी होती किंवा सरळ रद्द करायला हवी होती. मला स्वतःला निकाल खटकला नाही, पण त्यांचे म्हणणे खोडून काढता येईल असे उत्तरही मला तिथे सुचले नाही. आपल्याला काय वाटते?

डोलकाठी — रविवार, रात्री १०.२५

आपण प्रसंग सविस्तर लिहिलात हे बरे केलेत. मी काही वर्षे शर्यतींच्या पंचमंडळात काम केले आहे, म्हणून नियमांपुरते सांगतो.

वारा अपुरा असल्यामुळे वेळेच्या मर्यादेत कोणीच पोचण्याची शक्यता दिसत नसेल, किंवा शर्यतीच्या न्याय्यतेवर थेट परिणाम होईल असे काही घडले असेल, तर पंचांना शर्यत आखडती घेता येते किंवा रद्द करता येते. ‘येते’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नियम त्यांना मुभा देतो, सक्ती करत नाही. तुमच्या बाबतीत पहिली होडी ७८ मिनिटांत आली, म्हणजे मर्यादेला बारा मिनिटे शिल्लक होती. त्यामुळे रद्द करण्याचे पहिले कारण उरतच नाही. दुसरे कारण, म्हणजे वाऱ्याची दिशा उलटणे, हे पंचांना पुरेसे वाटले असते तर त्यांनी रद्द केली असती आणि त्यावर कोणी बोट ठेवले नसते. चढणीचा पल्ला उतरणीचा झाला की अनेक पंच शर्यत थांबवतात, हे खरे आहे. मात्र कोण पुढे आहे आणि कोण मागे पडले आहे हे पाहून थांबवणे हे सर्वांत वाईट, आणि मैत्रीपूर्ण शर्यतीत तर त्याने कायमची कटुता येते.

आखडती घेण्याविषयी मात्र तुमच्या ज्येष्ठांचा मुद्दा मी अर्धा मान्य करीन. पहिली फेरी संपताना वारा पडण्याची चिन्हे दिसत होती का, हे तिथल्या माणसालाच सांगता येईल. दिसत असतील, तर पंचांच्या नौकेने वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूच्या, बोयाशी उभे राहून निळ्या चौकोनाचा ध्वज दोन भोंग्यांसह वर करायचा आणि बोया व ध्वजाची काठी यांच्यामध्ये शेवटची रेषा मानायची, एवढे सोपे काम होते. पहिली होडी तिथे पोचण्याआधी हे करावे लागते. वारा पडल्यावर ते सुचून उपयोग नसतो, कारण पुढचे लोक बोया ओलांडून गेलेले असतात.

हिशेबनीस — रविवार, रात्री ११.१०

मला होडीतले फारसे समजत नाही, पण आकडे दिसले की राहवत नाही. आपल्या गटाने कोणते यार्डस्टिक अंक धरले होते, ते कृपया सांगावे.

पाणकावळा — रविवार, रात्री ११.१८

आम्ही ठोकळ अंक धरतो. लेझरला ११००, एंटरप्राइजला ११२० आणि ऑप्टिमिस्टला १६४०. लागलेल्या सेकंदांना हजाराने गुणून या अंकाने भागायचे.

हिशेबनीस — सोमवार, पहाटे १२.०५

धन्यवाद. लेझरचे ७८ मिनिटांचे ४६८० सेकंद होतात आणि त्यांचे सुधारित ४२५५ सेकंद येतात. तुमचे ४८६० चे ४३३९ येतात. त्या मुलीचे ५७६० चे ३५१२ येतात. म्हणजे ती लेझरपेक्षा ७४३ सेकंदांनी, सव्वाबारा मिनिटांहूनही अधिक फरकाने, पुढे आहे. मैत्रीपूर्ण शर्यतीत एवढा फरक पाहून कोणाच्याही भुवया उंचावतील.

आता यातील गंमत पाहा. ही पद्धत वेळेला गुणून चालते. होडी चालत असो की उभी असो, घड्याळाचा प्रत्येक सेकंद ती सारख्याच प्रमाणात कापते. वारा पडल्यावर पंचवीस मिनिटे कोणीच हलले नाही असे धरू. त्या १५०० सेकंदांत लेझर आणि ऑप्टिमिस्ट अगदी सारख्याच वेगाने, म्हणजे शून्य वेगाने, जात होत्या. तरीही हिशेबात लेझरच्या नावावर त्यांचे १३६४ सेकंद लागले आणि ऑप्टिमिस्टच्या नावावर फक्त ९१५. काहीही न करता मिळालेली ही सूट ४४९ सेकंदांची, जवळजवळ साडेसात मिनिटांची आहे. होड्यांचे तुलनात्मक वेग काढताना दोघी चालत आहेत असे गृहीत असते, दोघी थांबल्या आहेत असे नसते. तुमच्या ज्येष्ठ सभासदांना जे खटकले, पण बहुधा नेमके सांगता आले नाही, ते हे असावे.

परंतु ही सूट पूर्ण काढून टाकली तरीही ती मुलगी २९४ सेकंदांनी, म्हणजे पाच मिनिटांना थोड्या कमी फरकाने, पहिलीच राहते. ही पाच मिनिटे कुठून आली, याचे उत्तर आकड्यांत नाही. ते पाण्यावर असलेल्यांनी द्यावे.

हवापाणी — सोमवार, सकाळी ८.३०

हिशेबनीस यांचा प्रतिसाद वाचून सकाळ सत्कारणी लागली. वाऱ्याविषयी थोडे लिहितो.

जून ते सप्टेंबर हैदराबादेवरचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो आणि तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो. म्हणूनच त्या शहरातल्या मोठ्या शर्यती पावसाळ्यात भरतात. ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास नैऋत्य मान्सून तेलंगणातून मागे सरतो, आणि त्यानंतर ईशान्येकडचा वारा आपली जागा घेऊ लागतो. मधले काही दिवस दोघांचेही राज्य नसते. जुना वारा रात्रीच्या उरलेल्या जोरावर सकाळी थोडा वेळ वाहतो, ऊन चढले की त्याचा दम संपतो, आणि मग नवा वारा येतो किंवा येतही नाही. तुम्ही सांगितलेला क्रम, पश्चिम, मग शून्य, मग ईशान्य, हा त्या आठवड्याचे अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. ऑक्टोबरमधल्या त्या दिवसांत शर्यत ठेवली, तर असे होऊ शकते हे गृहीतच धरायला हवे.

त्यात ते पाणी शहराने वेढलेले आहे. कोकणात किनाऱ्यावर दिवसा खारा वारा आणि रात्री मतलई, असे रोजचे वेळापत्रक असते, कारण एका बाजूला अथांग समुद्र असतो. हुसेनसागर त्या मानाने फार लहान आहे. त्याला स्वतःचा वारा तयार करता येत नाही, तो शेजारच्या गरम झालेल्या रस्त्यांकडून आणि इमारतींकडून उसना घेतो. डांबर आणि काँक्रीट तापले की त्यावरची हवा वर उठते, तिची जागा भरायला कुठूनतरी हवा धावते, आणि पाण्यावर ती एखाद्या काळपट चट्ट्यासारखी उतरते. शिवाय उंच इमारतीचा आडोसा तिच्या उंचीच्या सातआठपट अंतरापर्यंत, कधी त्याहून अधिक, पाण्यावर पसरलेला असतो. पश्चिमेच्या मंद वाऱ्यात नेकलेस रोडच्या फार जवळ गेलेली होडी त्या सावलीत शिरते. आपला वाऱ्याकडचा बोया किनाऱ्याला किती जवळ होता?

पाणकावळा — सोमवार, सकाळी ९.१५

नको इतका जवळ होता. पहिल्या फेरीत आम्ही तिथे पुढे होतो ते आमच्या कौशल्यामुळे, असे मी काल दिवसभर समजत होतो. आता वाटते की बाकीचे त्या सावलीत आमच्याआधी शिरले होते, एवढेच.

सिंहगडउतार — सोमवार, सकाळी ११.४०

पुण्याहून लिहितो. खडकवासल्याचे पाणी तुमच्या तलावासारखे पसरट नाही, ते दरीत शिरलेले लांबट पाणी आहे, आणि त्यामुळे वाऱ्याला तिथे फार पर्याय राहत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी पाणी आरशासारखे असते आणि दुपार उलटली की मुठेच्या खोऱ्यातून पश्चिमेचा वारा येतो. तो डोंगरांच्या रेषेप्रमाणे वाकतो, म्हणून हवामान खात्याची दिशा आणि पाण्यावरची दिशा यांत सहज तीसएक अंशांचा फरक असू शकतो. धरण १८७९ सालचे आहे आणि त्याच जलाशयाच्या पीकॉक बे या भागात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या शिकतात. किनाऱ्यावरून त्यांचे पाहात बसणे हा आमचा एके काळचा फुकटचा शिकवणी वर्ग होता.

तिथे एक गोष्ट मी शिकलो. वारा पडला की नवशिका माणूस आपल्या शिडाकडे पाहतो, आणि जाणता माणूस किनाऱ्याकडे पाहतो. शिडाकडे पाहून फक्त आता काय आहे ते कळते. धूर, झाडांचे शेंडे, धुण्याच्या दोरीवरचे कपडे, घारींचे घिरट्या घालणे, लांबच्या होडीचे एका बाजूला कलणे, यांवरून पाच मिनिटांनी काय येणार ते कळते. त्या मुलीच्या पाच मिनिटांचे उत्तर इथे असेल अशी मला शंका आहे. आपण तिला विचारलेत का?

पाणकावळा — सोमवार, रात्री ८.५०

विचारले. तिच्या आईच्या परवानगीने आणि तिच्या शब्दांत नव्हे, माझ्या शब्दांत सांगतो, कारण ती तेलुगू आणि इंग्रजी यांचे मिश्रण बोलते.

तलावाच्या उत्तरेला संजीवय्या पार्कात २०१६ साली उभारलेला २९१ फुटांचा ध्वजस्तंभ आहे. त्यावरचा तिरंगा इतका प्रचंड आहे की मंद वाऱ्यात तो खांबाला चिकटून लोंबत राहतो. पहिली फेरी संपवून ती वाऱ्याखालच्या बोयाला वळली तेव्हा वारा नुकताच पडला होता. तिच्या मागच्या दोन ऑप्टिमिस्ट वळल्या आणि आमच्या दिशेने, म्हणजे तलावाच्या मध्याकडे व दक्षिणेकडे निघाल्या, कारण मोठी माणसे तिकडे होती. हिने त्या ध्वजाकडे पाहिले. त्याचे टोक किंचित उचलले होते आणि ते पश्चिमेला वळले होते. म्हणजे वरच्या हवेत वारा पूर्वेच्या अंगाने सुरू झाला होता आणि खाली पाण्यावर अजून पोचायचा होता. तिने होडी उजवीकडे, उत्तरेच्या बाजूला, जेवढी सरकली तेवढी सरकवली आणि तिथे वाट पाहिली. वारा तिला आमच्याआधी सातआठ मिनिटे मिळाला.

मी तिला विचारले की ध्वजाकडे पाहायला तुला कोणी शिकवले. ती म्हणाली की कोणी नाही, ऑप्टिमिस्टमध्ये वारा नसताना करण्यासारखे दुसरे काही नसते.

मी त्याच पंचवीस मिनिटांत शिडाची दोरी ओढत, सोडत, पुन्हा ओढत होतो आणि भाचीला ‘हलू नकोस’ म्हणून ओरडत होतो. तो ध्वज मी गेली अनेक वर्षे दर रविवारी पाहतो.

नवशिकी — सोमवार, रात्री ९.३०

मी या खेळात अगदी नवीन आहे, त्यामुळे प्रश्न बालिश वाटल्यास क्षमा असावी. वारा पडल्यावर होडीत नेमके काय करायचे असते? मी दोनदा अशी अडकले आणि दोन्ही वेळा मला वाटले की काहीतरी करायला हवे, पण काय ते कळले नाही.

डोलकाठी — सोमवार, रात्री १०.४५

बालिश मुळीच नाही. हे ज्याला नीट जमते तो अशा तलावांवर नेहमी पुढे असतो.

पहिली गोष्ट, वजन पुढे आणि वाऱ्याखालच्या बाजूला न्यावे. पुढे सरकल्याने होडीचा मागचा रुंद भाग पाण्याबाहेर उचलला जातो आणि पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी होतो. वाऱ्याखाली कलल्याने शीड स्वतःच्या वजनाने योग्य आकारात लोंबते. सपाट होडीत ते चुरगळून पडलेले असते आणि एखादी झुळूक आली तरी ती आकार देण्यातच वाया जाते. शिडाची दोरी सैल सोडावी. मंद वाऱ्यात दोरी ताणण्याची चूक सर्वजण करतात, कारण ताणल्यावर काहीतरी केल्यासारखे वाटते. शीड थोडे भरदार ठेवावे, पण पिशवीसारखे नको, कारण वाऱ्यात जोर नसेल तर तो खोल वळणाला चिकटून राहू शकत नाही आणि मध्येच सुटतो. सुकाणू शक्य तितके कमी हलवावे, कारण आडवे झालेले सुकाणू म्हणजे ब्रेकच. आणि होडीत मांजरासारखे हलावे. आपण धाडकन जागा बदलली की तोवर कष्टाने मिळवलेला अर्धा नॉट गेला.

नियमाची एक बाजूही ध्यानात ठेवावी. शीड पंख्यासारखे वारंवार ओढणे, अंग हलवून होडी झुलवणे, सुकाणूने वल्हे मारल्यासारखे करणे, हे सर्व शर्यतीच्या नियमावलीतील बेचाळिसाव्या नियमाने निषिद्ध आहे. टॅक घेताना, म्हणजे होडीचे नाक वाऱ्यातून वळवून वारा दुसऱ्या अंगावर घेताना, होडी कलवून उभी करणे चालते, परंतु त्यामुळे होडीचा वेग टॅक न घेता जेवढा असता त्यापेक्षा वाढता कामा नये, आणि वारा वा डावपेच यांच्याशी संबंध नसताना टॅकवर टॅक घेत राहणेही चालत नाही. वारा पडल्यावर ज्याची होडी गूढपणे पुढे सरकत राहते, त्याच्या खांद्यांकडे पाहावे.

वाऱ्याची दिशा थोडीथोडी मागेपुढे झुलत असेल, तर एक जुना आणि अजूनही खरा नियम आहे. वारा नाकाडावर आला, म्हणजे बोयापासून दूर ढकलू लागला, की टॅक घ्यावा. वारा अनुकूल झाला की त्याच अंगावर राहावे. अडचण अशी की हा नियम झुलणाऱ्या वाऱ्याला लागू पडतो, कायमच्या बदलणाऱ्या वाऱ्याला नाही. पाणकावळा यांच्या शर्यतीत वारा झुलत नव्हता, तो मालक बदलत होता. अशा वेळी नव्या मालकाच्या बाजूला आधी जाऊन बसणे हाच उपाय, आणि तो त्या मुलीने केला.

लेक_युनियनवाला — मंगळवार, पहाटे ५.२०

सिएटलहून लिहितो, इथे सोमवारची दुपार आहे. इथल्या लेक युनियनवर १९७४ पासून उन्हाळ्यात दर मंगळवारी संध्याकाळी ‘डक डॉज’ नावाची शर्यत असते. शहराच्या ऐन मध्यावर, चारी बाजूंनी टेकड्या आणि इमारती, आणि शिवाय पाण्यावर उतरणारी विमाने. तिथला वारा तुमच्या हुसेनसागराचा चुलतभाऊ शोभावा असा आहे. लहान डिंगीपासून मोठ्या जुन्या लाकडी नौकांपर्यंत सर्व उतरतात, कधी सर्वजण पायजमे घालून येतात, आणि विजेत्यांना बदकाचे सोनेरी, रुपेरी वा ब्राँझ रंगाचे स्टिकर मिळते. त्या स्टिकरसाठी पन्नाशीच्या गृहस्थांना घसा ताणताना मी पाहिले आहे, त्यामुळे तुमच्या बिस्किटांच्या डब्यावरून वाद झाला याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तिथला अनुभव असा की, होड्या निरनिराळ्या जातीच्या असतील तर त्यांना एका हिशेबात कोंबण्यापेक्षा गट पाडावेत. जलद, मध्यम, मंद. प्रत्येक गटात जो पाण्यावर आधी आला तो पहिला. गणित नाही आणि हिशेबनीसांना रात्री जागावे लागत नाही.

हिशेबनीस — मंगळवार, सकाळी ७.००

मला जागायला आवडते. पण सूचना रास्त आहे. अकरा होड्यांत गट पाडले तर चार, चार आणि तीन असे होतील. तीन होड्यांच्या शर्यतीत दोघींनी तोंडे फुगवली की तिसरीला काय आनंद, हा प्रश्न उरतोच.

खाडीकाठचा — मंगळवार, सकाळी १०.१०

थोडा वेगळा सूर लावतो. इथे सर्वजण नजरेचे कौतुक करत आहेत, ते योग्यच आहे. पण तिने ध्वज पाहिला आणि वारा त्या बाजूने आला, हे एका रविवारी जुळले. एखाद्या रविवारी ध्वजाचे टोक उचलले जाईल आणि खाली पाण्यावर काहीच उतरणार नाही, किंवा वारा दक्षिणेकडून येईल, आणि तेव्हा ती उत्तरेच्या कोपऱ्यात एकटी अडकून पडेल. तेव्हा आपण म्हणू की एका कोपऱ्यात सगळे पणाला लावणे चुकीचे होते. मंद वाऱ्याच्या एका शर्यतीवरून कौशल्य ठरवू नये. सहा-सात शर्यती घ्याव्यात, सर्वांत वाईट एक सोडून द्यावी, आणि मग बोलावे. आमच्या खाडीत माझे आजोबा शिडाची मोठी होडी हाकत असत. वारा पडला की ते वल्ही काढत, चर्चा करत नसत.

सिंहगडउतार — मंगळवार, सकाळी ११.२५

खाडीकाठचा यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एका दुरुस्तीसह. तिने सर्व काही पणाला लावलेले नव्हते. वारा शून्य असताना उजवीकडे सरकायला तिला काहीच किंमत पडली नाही, कारण इतरही कुठे जात नव्हते. चुकली असती तर ती होती तिथेच, शेवटच्या तिघांत राहिली असती. पुढच्या होड्यांना मात्र गमावण्यासारखे होते, म्हणून त्या एकमेकींवर नजर ठेवून बसल्या. मागच्याला मोकळेपणा असतो आणि पुढच्याला तो नसतो, हे या खेळाचे जुने दुखणे आहे.

पाणकावळा — बुधवार, रात्री ९.०५

काल संध्याकाळी गटाची बैठक झाली. हिशेबनीस यांचा ४४९ सेकंदांचा हिशेब मी कागदावर छापून नेला होता. ज्येष्ठ सभासदांनी तो दोनदा वाचला आणि स्वतःच म्हणाले की सूट काढूनही ती पहिली असेल तर माझे काही म्हणणे नाही. त्यांनी लेझरच्या शेवटच्या पल्ल्यात आपण दक्षिणेला गेलो ही चूक झाली हेही मान्य केले, जे मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

निकाल तसाच राहिला. वाऱ्याकडचा बोया यापुढे किनाऱ्यापासून निदान तीनशे मीटर आत टाकायचा, आणि मान्सून परतल्यापासून दिवाळीपर्यंतच्या शर्यती एकाच फेरीच्या, पण एका सकाळी दोन ठेवायच्या, असे ठरले. म्हणजे खाडीकाठचा यांची सूचना अर्धी तरी अमलात येईल. पंचांच्या नौकेवर आखडतीचा ध्वज आजवर नव्हताच, असेही या निमित्ताने उघड झाले. तो शिवायला दिला आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. रविवारी वारा परत आल्यावर आमची एंटरप्राइज तितक्या जोरात चालत नव्हती, आणि मी त्याचाही दोष वाऱ्याला दिला होता. किनाऱ्यावर होडी आडवी केल्यावर सेंटरबोर्डात (होडीच्या तळातून पाण्यात सोडायच्या पात्यात) बांबूची एक कामटी आणि सुतळीचा गुंता अडकलेला सापडला. गणपती विसर्जनानंतर क्रेनने सांगाडे बाहेर काढतात, तरी थोडेफार पाण्यात राहतेच, आणि ऑक्टोबरभर ते आमच्या होड्यांना भेटत राहते. दुसऱ्या फेरीच्या आधी सेंटरबोर्ड एकदा वर-खाली करून पाहायचा, हे मी दरवर्षी शिकतो.

डोलकाठी — बुधवार, रात्री ९.४०

शेवटचा मुद्दा लेझरवाल्यांनाही कळवावा. त्यांच्या डॅगरबोर्डला, म्हणजे सरळ वर-खाली सरकणाऱ्या पात्याला, तसेच होते आणि ते बोर्ड वर ओढून झटकन मोकळे करता येते, एंटरप्राइजइतका खटाटोप पडत नाही. आपल्या भाचीचे काय म्हणणे पडले?

पाणकावळा — बुधवार, रात्री ९.५५

तिने पंधरा वर्षांची होईपर्यंत ऑप्टिमिस्ट चालवता येते हे कुठूनतरी शोधून काढले आहे आणि स्वतःला अजून साडेतीन वर्षे शिल्लक आहेत, असे मला सांगितले आहे. पुढच्या रविवारी माझ्या होडीत पुढचे शीड सांभाळायला कोणी येणार असेल तर कळवावे. सकाळी आठ वाजता, आणि डबा मी आणीन.